चार प्लीटांची पँट

मे महिन्यात अमरावतीचा माणूस घरात बनियनवर येतो आणि बाहेर निघायचंच बंद करतो. आमचे इंग्रजीचे सर त्या उन्हातही पूर्ण बाह्यांचा शर्ट खोचून, खाली घेरदार पँट घालून मोपेडवरून गावभर फिरायचे. पँटही कशी, तर कमरेखाली डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन अशा चार प्लीटा टाकलेली. तशी पँट आता कोणी घालत नाही. घालायचं सोडा, कोणी शिवूनसुद्धा देत नाही. अमरावतीतल्या सगळ्या शिंप्यांनी सरांपुढे हात टेकले होते. एकानं तर तोंडावरच सांगितलं म्हणे, "सर, हे पँट माह्या दुकानात लटकली ना, तर एक पोट्टा पायरी नाई चढत." म्हणून सर पँट शिवायला अकोल्याला यायचे. बडनेऱ्याला गाडी पकडून, कापडाची पिशवी मांडीवर घेऊन, एका पँटीसाठी अकोला!

अकोल्याचा तो शिंपी आमच्या भिंतीला भिंत लागून. तोही कुरकुरायचाच, पण शिवून द्यायचा. "लोक हासतेत हो सर," म्हणायचा. त्यावर सरांचं उत्तर ठरलेलं, "हासू दे ना. हासाले पैसे पडतेत का?"

भिंतीच्या अलीकडची खोली माझी. म्हणजे घर धाकट्या भावाचं, पण रस्त्याकडची ती खोली मी धरली होती. नवऱ्याचं घर सोडून बरीच वर्षं झाली. का सोडलं ते काही लपवण्यासारखं नाही, नाही जमलं, एवढंच. आल्यावर काही दिवस रडून घेतलं आणि मग खोलीत एक लांब टेबल टाकून धंदा सुरू केला. आजकालच्या पोरींना साडी पाहिजे, पण नेसायला वेळ नाही. त्यांनी आदल्या दिवशी साडी आणून द्यायची, कंबर आणि उंचीचं माप द्यायचं. मी टेबलावर निऱ्या घालते, पदर बसवते, इस्त्री फिरवून पिना लावते आणि घडी करून डब्यात देते. घरी जाऊन नुसती गुंडाळली की नवरी तयार. लग्नसराईत मला मान वर करायला फुरसत नसते.

एका दुपारी शिंपी जेवायला गेला होता आणि सर माझ्या दारातल्या सावलीत येऊन उभे राहिले. माझा बोर्ड त्यांनी मोठ्यानं वाचला. 'साडी प्लेट्स करून मिळतील.'

"काय असते हे?" त्यांनी विचारलं.

"निऱ्या, सर. साडीच्या."

"कशा करतं तू? मले इंग्रजीत सांग बरं."

झालं! माझी दातखीळ बसली. बारावीपर्यंत इंग्रजी होतं हो मला, पासही झाले होते. पण कोणी इंग्रजीत बोल म्हटलं की माझ्या तोंडाला कुलूप लागायचं. आणि तोंडाला कुलूप लागलं की मला राग येतो. "बाप्पा," मी म्हटलं, "साडी आणली असंन तर द्या, नाई तर दारातून सरका. गिऱ्हाइकाची वेळ आहे."

सर सरकले नाहीत. उलट खुर्ची ओढून बसले आणि माझे हात पाहत राहिले. मीही मग चिडून त्यांच्याकडे न बघता एक अख्खी पैठणी बसवली. शेवटची पिन लावली तेव्हा ते उठले आणि म्हणाले, "तुले इंग्रजी येते व पोट्टे. तुह्या हाताले येते. तोंडाले सांगनं बाकी आहे." आणि गेले शिंप्याकडे माप द्यायला. मी तिशी कधीच ओलांडलेली बाई, मला पोट्टी म्हणून गेले, पण का कोण जाणे, बरं वाटलं.

बोर्डावरचं 'प्लेट्स' चुकीचं आहे, 'प्लीट्स' पाहिजे, हे मला पुढे त्यांच्या क्लासला जायला लागल्यावर कळलं. मी लाजेनं म्हटलं, सर, उद्याच रंगारी बोलावते. तर माझ्यावरच खवळले. "काऊन? चुकला नाई तो शब्द, घासला आहे. इतक्या बायांच्या तोंडातून गेला, घासंन नाई तर काय? गिऱ्हाईक बोर्ड पाहून येते, डिक्शनरी पाहून नाई येत. राहू दे." इंग्रजीचा मास्तर असा बोलतो का कधी? पण आमचे सर असेच होते.

आता क्लासला मी का गेले ते सांगते. अमरावतीत एक संस्था आहे. हॉटेलात आणि विमानात नोकरी करायला मुली तयार करतात तिथं. मुली चहूकडच्या, कोणी पंजाबची, कोणी ओडिशाची, त्यामुळे शिकवणं सगळं इंग्रजीत. त्यांना साडी नेसवायला शिकवणारी बाई पाहिजे होती, कायमची. माझ्याच एका गिऱ्हाइकानं सांगितलं आणि मी गेले. मोबाईलवर बघून 'टेल मी अबाउट युअरसेल्फ'चं उत्तर घडाघडा पाठ केलं होतं. समोरच्या मॅडमनी तेच विचारलं. मी म्हटलं, "सॉरी मॅडम," आणि बाहेर आले. रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं, पर्स आतच राहिली. परत आत जाऊन, परत सॉरी म्हणून पर्स आणली. त्या दिवशी अमरावतीपासून अकोल्यापर्यंत मी खिडकीबाहेर तोंड करून बसले होते.

 काही दिवसांनी जेवताना भाऊ म्हणाला, "ताई, एक सांगू का? दुसऱ्याच्या दुकानात मोबाईल दुरुस्त करून करून माह्या डोळ्याले चश्मा लागला. मले स्वतःचं दुकान टाकायचं आहे, अन् जागा आपली समोरची खोलीच आहे. तू अजून एक डाव जाऊन पाय तिथी. झालं तर झालं. नाई झालं तर दिवाळीनंतर खोली मले दे अन् तू घरात राय."

भाऊ वाईट नाही. त्याचं खरंच होतं. पण 'घरात राय' म्हणजे काय ते मला माहीत होतं. भावजयीच्या मागेमागे कांदे चिरायचे, पाहुणे आले की आतल्या खोलीत सरकायचं आणि विचारलं तर म्हणायचं, मी इथं असते. त्या टेबलाशी मी कोणीतरी होते. टेबल गेलं की संपलं. म्हणून मी शिंप्याकडून सरांचा पत्ता घेतला आणि रविवारच्या गाडीनं अमरावती गाठली.

क्लास सरांच्या बैठकीतच भरायचा. सर एकटेच राहायचे. गल्लीतली पोरं लांबून 'जयभीम सर' म्हणून ओरडायची आणि सर डोक्यावर हॅट नसतानाही ती उचलल्यासारखा हात करायचे. क्लासला एक गॅरेजवाला होता, मोझरीचा एक भजनी मंडळातला हार्मोनियमवाला होता, बँकेत काम करणारी एक बाई होती, दोन-तीन कॉलेजच्या पोरी. वह्या-पेनं चपलांजवळ ठेवून आत यायचं. पाठ करायला काहीच नाही. एक शब्द घ्यायचा आणि तो सगळ्यांच्या हातात बसल्याशिवाय पुढे जायचं नाही. किती का रविवार लागेनात! मी गेले त्याच्या आधी 'लिव्हर', म्हणजे तरफ, चालू होता. म्हणे गॅरेजवाल्यानं सरांची मोपेड बैठकीत आणून उचलून दाखवली तेव्हा तो संपला.

मी जाऊन बसले आणि सरांनी जाहीर केलं, "आजपासून प्लीट."

कॉलेजच्या पोरीनं विचारलं, "सर, मीनिंग?"

"मीनिंग मंग," सर म्हणाले. "आंधी वापर. जिच्याशी कधी बोललो नाई तिचा बायोडाटा घेऊन काय करतं?"

मग सुरू झालं. दर रविवारी प्रत्येकानं घरून एक प्लीट शोधून आणायची आणि ती हातात धरून इंग्रजीत एक वाक्य बोलायचं. हातात नसलेल्या वस्तूबद्दल बोललेलं सरांना चालायचं नाही. कोणी शाळेच्या गणवेशाचा स्कर्ट आणला, कोणी पडदा काढून आणला. मोझरीवाला हार्मोनियमच घेऊन आला. त्याचा भाता उघडला की सगळ्यांनी ओरडायचं, 'ओपन प्लीट्स', मिटला की 'क्लोज्ड प्लीट्स'. शेजारची म्हातारी भजन आहे समजून येऊन बसली आणि टाळ्या वाजवून गेली. गॅरेजवाल्यानं मोटरसायकलचा एअर फिल्टर आणला. आत पिवळ्या कागदाच्या बारीक बारीक घड्या, एकसारख्या, गोल फिरलेल्या. तो उभा राहून म्हणाला, "दिस इज अ प्लीटेड फिल्टर. स्मॉल प्लेस, बिग पेपर." सरांनी तो फिल्टर उजेडापुढे धरला आणि खरंच सांगते, नाचले. चार प्लीटांची ती पँट फडफडवत आख्ख्या बैठकीत नाचले.

बँकेतली बाई म्हणाली, "सर, आमच्या मॅनेजरच्या कपाळाले आठ्या पडतेत. त्या प्लीटा का?"

"नाई. प्लीट कोनीतरी पाडा लागते. आपोआप पडते ते रिंकल."

"पन सर, थो मुद्दाम पाडते."

सर विचारात पडले.  शेवटी म्हणाले, "मुद्दाम पाडत असंन, तर पुढच्या रविवारी त्याले घेऊन ये."

मी एकदा करंज्या नेल्या होत्या. म्हटलं, काठाची मुरड ही प्लीट आहे की नाही? वर्गात दोन तट पडले. पोरी म्हणायच्या आहे, गॅरेजवाला म्हणायचा नाही, कारण उघडून परत सरळ होत नाही. सरांनी सांगितलेली प्लीटची परीक्षा तीच होती. उघडून पाहायचं. उघडल्यावर जेवढं होतं तेवढं सगळं परत हातात आलं, काही फाटलं नाही, काही कापलं गेलं नाही, तर प्लीट. भांडण तोडायला सरांनी एक करंजी उचलली, चहूबाजूंनी पाहिली आणि खाऊन टाकली. मग दुसरी. "डाउटफुल," म्हणाले, आणि डबा आपल्याकडे ओढला.

मजा यायची. पण मी पुन्हा अर्ज केला होता, संस्थेनं परत बोलावलं होतं, तारीख जवळ येत होती, आणि इथं रविवारमागून रविवार एकच शब्द! ना मुलाखतीचे प्रश्न, ना उत्तरं. घरी भाऊ खोलीच्या भिंतीला टेप लावून मापं घ्यायला लागला होता. एका रविवारी माझा स्फोट झाला. वर्ग सुटल्यावर मी सरांना म्हटलं, "सर, तुमाले खेळ वाटून रायला. माह्यं तिकडं घर उठाले आलं. त्यायनं 'टेल मी अबाउट युअरसेल्फ' विचारलं तर काय सांगू? हार्मोनियम वाजवून दाखवू का?"

आवाज चांगलाच चढला होता. सर चिडले नाहीत. म्हणाले, "आय मेक प्लीट्स, असं सांगजो."

"बस? एवढंच?"

"एवढंच. मंग थे विचारतीन, कशा? मंग तू सांगजो. तुह्याबद्दल याच्याहून खरं काय आहे व?"

मी म्हटलं, "तुमाले सोपं आहे. तुमी मास्तर. तुमाले कोन हासते?"

"मले?" सर हसले. "हे पँट घालून फिरतो मी, अन् मले कोन हासते विचारतं?"

"मंग घालता कायले?"

हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात असायचा, विचारला मी. सर खाली बसले. पँटीच्या प्लीटा बसल्यावर जशा उघडतात तशा उघडल्या, त्यांच्यावरून त्यांनी हात फिरवला. "माहा बाप धामनगावच्या जिनिंगमधी कापसाच्या गाठी उचले," ते म्हणाले. "जनमभर कापूस उचलला त्यानं, अन् अंगावर एक आखूड पंचा. गुडघ्याच्या वर. त्याले निरी पाडाले कापड पुरतच नव्हतं. प्लीट पाडाले जास्तीचं कापड लागते, पोट्टे. गरजेपुरतं असलं तर पडत नाई. मी नोकरीले लागलो, पहिल्या पगारात बापाले धोतर घेतलं अन् मले हे पँट शिवली. शिंपी म्हणे, दोन प्लीटा पुरतेत. म्या म्हटलं, चार टाक. माह्याकडं कापड आहे आता."

 माझे डोळे भरून आले होते आणि ते लपवायलाही सुचलं नाही. त्या दिवसापासून ती पँट मला कधीच हास्यास्पद वाटली नाही. आता कोणी तिला हसलं तर मी भांडते.

मुलाखतीला माझ्यासोबत या म्हटलं तर सर नाही म्हणाले. "मी कायले येऊ? मले साडी नेसवता येत नाई. तुले येते. तू जा."

या वेळी नुसती मुलाखत नव्हती. तिथल्या एका विद्यार्थिनीला साडी नेसवून दाखवायची होती, बोलत बोलत. मी रात्रभराची दगदग नको म्हणून दोन दिवस आधीच माझी सगळ्यात चांगली साडी, मोरपंखी रंगाची, टेबलावर बसवली. निऱ्या अशा की पट्टी लावून बघा. इस्त्री केली, पिना लावल्या, डब्यात घातली. डबा उघडायचा आणि पोरीला गुंडाळायची, चटकन होईल, बोलायचं कमी पडेल, हा माझा हिशोब.

हॉलमध्ये गेले. समोर त्याच मॅडम, संस्थेच्या मुख्य. शेजारी लॅपटॉप घेऊन एक सर, गंभीर चेहऱ्याचे. भिंतीला लागून मुलींची रांग. मॅडमनी मला ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. विचारलं तेच, "टेल मी अबाउट युअरसेल्फ."

"आय मेक प्लीट्स," मी म्हटलं.

मॅडमनी भुवया उचलल्या. "शो अस."

आणि त्यांनी रांगेतून एक मुलगी पुढे पाठवली. बाई गं! पंजाबची पोर, माझ्याहून चांगली हातभर उंच. तिला पाहिलं आणि माझ्या हातातला डबा जड झाला. आम्ही निऱ्या आधी घालून देणाऱ्या बाया. आमच्याकडे माणूस नंतर येतो, माप आधी. उंचीप्रमाणे वरून कापड दुमडून पिना मारलेल्या असतात. या वेळी माप कोणी दिलंच नव्हतं, आणि माझ्या हातानं न विचारता माझ्याच उंचीचं धरलं होतं. ती साडी या पोरीला गुंडाळली असती तर सरळ पोटऱ्यांवर आली असती.

मी तरी लावून पाहिली. पोटऱ्यांवरच आली. रांगेतल्या मुली खुदकन हसल्या. लॅपटॉपवाल्या सरांनी घड्याळ पाहिलं. आणि मला तो जुना 'सॉरी मॅडम' घशात येऊन बसल्याचं कळलं. खोटं कशाला बोलू, मी पर्स कुठं ठेवली आहे तेही बघून घेतलं.

पण माझा हात पिनेवर होता. हात पिनेवर असला की मी घाबरत नाही, ही माझी जुनी गोष्ट आहे. मी पिन काढली आणि हात करत होता तेच तोंडानं म्हटलं. "आय ओपन."

दुसरी पिन काढली. "आय ओपन ऑल." पिना ठेवायला जागा नव्हती, म्हणून लॅपटॉपवाल्या सरांसमोर गेले आणि म्हटलं, "सर, प्लीज होल्ड." त्यांनी गोंधळून हात पुढे केला. त्यांच्या तळहातावर मी एकेक पिन ठेवत गेले आणि ते आज्ञाधारकपणे हात धरून बसले. मग साडीचं एक टोक मी रांगेतल्या पहिल्या मुलीच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन चालत हॉलच्या टोकाला गेले. दोन दिवसांपूर्वीची मेहनत सगळी उलगडली. मोरपंखी रंग भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरला. हसणं थांबलं होतं.

"लुक," मी म्हटलं. "सिक्स यार्ड्स. नथिंग इज कट. नथिंग इज लॉस्ट. नाऊ शी इज टॉल, सो आय मेक अगेन, फॉर हर."

आणि पुन्हा घालायला लागले. अंगठा आणि करंगळीमध्ये पहिली निरी, दुसरी, तिसरी. प्रत्येकीसोबत एक वाक्य. दिस इज अ प्लीट. आय मेक इट. इट डज नॉट हॅपन. सेम साइज. होल्ड हिअर, फ्री हिअर. वाक्यं तुटकी होती, पण एकही अडत नव्हतं. मी आठवत नव्हतेच काही. हात पुढे आणि तोंड त्याच्या मागे चालत होतं. साडी त्या पोरीच्या पावलांना टेकली, बरोब्बर जिथं टेकायला पाहिजे तिथं, आणि ती चालून दाखवायला लागली तेव्हा निऱ्या अशा उघडझाक करत होत्या की मलाच माझा अभिमान वाटला.

लॅपटॉपवाल्या सरांनी हातातल्या पिना सांभाळत विचारलं, "बट व्हॉट इज द डिफरन्स? अ फोल्ड अँड अ प्लीट?" परीक्षा म्हणून नव्हतं विचारलं, खरंच कुतूहल होतं त्यांना. दिसतं ना ते चेहऱ्यावर.

हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी टेबलावरचा त्यांचा रुमाल उचलला, चौघडी केली आणि त्यांच्यापुढे ठेवली. "फोल्ड, सर. फॉर कीपिंग." मग चालणाऱ्या मुलीच्या निऱ्यांकडे बोट केलं. "प्लीट. फॉर वॉकिंग."

मॅडम खुर्चीतून उठल्या. मला वाटलं, संपलं, पाठवतात. त्या रांगेतल्या मुलींना म्हणाल्या, "काय बघता? जा, शिका." इंग्रजीच्या त्या हॉलमध्ये मराठीत! पंजाब, ओडिशा, कुठकुठल्या पोरी साडीभोवती जमल्या. एकीचीही निरी मी घालून दिली नाही. तिच्या हातात कापड द्यायचं आणि तिच्याकडूनच वाक्य म्हणवून घ्यायचं. हॉल नुसता 'आय होल्ड, आय प्लीट' म्हणून घुमत होता. मीच मधूनमधून "अवं, असं नाई व माय, अंगठा आत घे," म्हणत होते आणि त्यांना तेही समजत होतं.

"व्हेन कॅन यू जॉईन?" मॅडमनी विचारलं.

आधीची मी असते तर 'एनी टाइम मॅडम' म्हणून पाया पडले असते. मी म्हटलं, "ब्राइड्स' सारीज आर ऑन माय टेबल, मॅडम. आय फिनिश देम. देन आय कम." मॅडम म्हणाल्या, "ऑफ कोर्स." आणि या वेळी पर्स आठवणीनं घेऊन बाहेर आले.

फाटकाबाहेर रस्त्याच्या पलीकडे उसाच्या रसाची गाडी होती. तिच्या सावलीत सर बसले होते. येणार नव्हते ना? समोर रसाचे दोन ग्लास, एक रिकामा, एक भरलेला आणि त्यातला बर्फ कधीचाच विरघळलेला. मी रस्ता ओलांडला आणि सुरू झाले. इंग्रजीत. कुठून आलं कुणास ठाऊक, पण थांबेचना. पिना, उंच पोरगी, लॅपटॉपवाले सर, रुमाल, सगळं सांगितलं. रसवाला घाणा थांबवून ऐकत होता. दोन ऑटोवाले जवळ येऊन उभे राहिले. 

माझं संपल्यावर सर म्हणाले, "थे अजून एक डाव सांग."

"काय, सर?"

"फॉर वॉकिंग."

"फोल्ड फॉर कीपिंग, प्लीट फॉर वॉकिंग."

"हे म्या शिकवलं नाई," सर रसवाल्याला म्हणाले. मग ऑटोवाल्यांकडे वळून त्यांनाही सांगितलं, "हे म्या नाई शिकवलं. हे इचं आहे." चष्मा काढून पुसायला घेतला तो किती तरी वेळ पुसतच बसले. मी तो कोमट रस एका घोटात प्यायले. तेवढा गोड रस मी नंतर कधी प्यायले नाही.

त्यानंतर वर्गात 'हिंज', म्हणजे बिजागरी, सुरू झाला. तो अजून चालूच आहे, कारण बँकेतल्या बाईला दार काढून आणता येत नाही. मी आता अमरावतीतच एक खोली घेतली आहे, पण रविवारी जाते अजून.

दिवाळीनंतर भावानं दुकान उघडलं. समोरच्याच खोलीत. बोलणं झालं होतं आमचं. माझं टेबल अमरावतीला गेलं होतं, भिंतींना नवा रंग आला होता, दाराला लाल फीत बांधली होती. गल्लीतले सगळे जमले होते, शेजारचा शिंपी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. सरही आले होते, नव्या पँटीचं माप द्यायचं निमित्त करून. भावानं ताटातली कात्री सरांपुढे धरली. "सर, तुमच्या हातून."

सरांनी कात्री घेतली आणि सरळ माझ्या हातात दिली. "माह्या हातून कायले? जिची खोली तिच्या हातून."

भाऊ कानकोंडा झाला. माझ्याकडे बघेना. हळूच म्हणाला, "ताई, म्या तुही खोली घेतली असं मनात ठेवू नको."

मी फीत कापली. रस्त्याकडच्या दाराची किल्ली अजून माझ्या कमरेलाच होती, इतकी वर्षं तिथंच असायची. ती काढून त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं मिटवली.

"बह्याड," मी म्हटलं, "मी देऊन रायली. तू घेऊन नाई रायला."